सरकारी टोपी आणि पिवळं जाकीट

अलॉटमेंट म्हणजे काय ते आधी सांगतो. गावाकडे फोनवर मी म्हणालो की लंडनमध्ये शेती करतो, तर चुलतभाऊ म्हणाला, तुला ऊन लागलं का. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मोकळी जमीन असते. तिचे लहान लहान पट्टे पाडलेले असतात आणि नंबर लागला की एक पट्टा आपल्याला भाजीपाल्याला मिळतो. त्याला इथे प्लॉट म्हणतात. आमचा प्लॉट ईलिंगमध्ये, रेल्वे लाइनच्या कडेला. आमचा म्हणजे बायकोचा. कागदावर नावही तिचंच. मी पाण्याचे डबे ओढायचो आणि ती सांगेल तिथे खड्डा करायचो.

ती मेली त्याला दोन वर्षं होत आली. इथे मेली असं कुणी म्हणत नाही. पास्ड म्हणतात, लॉस्ट म्हणतात. माझी मुलगी म्हणते, आई आता नाहीये, जशी काय बाजारात गेलीये. मी मेली म्हणतो. तीही तसंच म्हणाली असती. तिला गोड बोलणं जमत नव्हतं, म्हणून तर माझ्याशी पटलं.

मरायच्या आधीच्या ऑक्टोबरात तिने लसूण लावला. जुन्या उशीवर गुडघे टेकून चार सऱ्या, एकेक पाकळी दोन बोटांत धरून. मी म्हणालो, अगं दुकानात एवढा पडलाय. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी विचारलं का?" जानेवारीत ती मेली. वसंतात लसूण वर आला. उन्हाळ्यात त्याची पात पिवळी पडली, तेव्हा उपटायचा असतो. मी उपटला नाही. फावडं घेऊन जायचो, शेजारच्या प्लॉटवर चहा प्यायचो, फावडं घेऊन परत यायचो. पुढच्या वर्षी तो लसूण तिथल्या तिथे पुन्हा फुटला, झुपके झुपके झाले आणि वर गवत माजलं. प्लॉटचा निम्मा भाग असाच. बाकीच्या निम्म्यात मी बटाटे लावले, कारण बटाट्याला अक्कल लागत नाही.

शेजारचा प्लॉट एका नायजेरियन म्हाताऱ्याचा. इग्बो जमातीचा. तीस वर्षं लंडनची बस चालवली. त्याची बायको माझ्या बायकोच्या चार वर्षं आधी मेली. आम्ही त्याला चीफ म्हणतो. त्याने एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं की माझे आजोबा चीफ होते. तिने लगेच, "अहो चीफ, तुमच्या भोपळ्याचा वेल माझ्या मेथीवर आलाय, राज्य आवरा," असं मराठीतूनच सुनावलं होतं. त्याला कळलं. वेल मागे घेतला.

मार्च महिन्यात काउन्सिलची बाई आली. आमचा जुना साइट रेप मुलीकडे ब्रॅकनेलला राहायला गेला होता. साइट रेप म्हणजे काउन्सिल आणि आमच्यामधला माणूस. नवा कोण होणार, असं बाईने विचारलं. तीस माणसं उभी होती, तिसांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. माझ्या तोंडात बिस्किट होतं. ते गिळून नाही म्हणेपर्यंत कुणीतरी म्हणालं, हा रोज येतोच की. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला एक पिवळं चमकणारं जाकीट मिळालं, पाठीवर काउन्सिलचं नाव असलेलं, एक क्लिपबोर्ड मिळाला आणि फाटकाची किल्ली. चौथी शिकलेला माणूस मी. चाळीस वर्षं एअरपोर्टजवळ विमानातली ताटं धुतली. जाकीट घातलं आणि शेडच्या काचेत एकदा बघितलं. खोटं कशाला सांगू, बरं दिसत होतं.

चीफने मला त्या जाकिटात बघितलं आणि कुदळ खाली ठेवली. मग खुर्चीत बसून एवढा हसला की त्याचा खालचा दातांचा सेट बाहेर आला. म्हणाला, "पुन्हा तेच केलं त्यांनी. अगदी तसंच केलं."

काय तसंच, विचारलं तेव्हा त्याने त्याच्या आजाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलखात कधी राजा नव्हता, चीफ नव्हता. म्हातारी माणसं झाडाखाली बसायची, तास न् तास बोलायची आणि जे ठरेल ते ठरेल. मग गोरा साहेब आला, बरोबर शिपाई. साहेबाने विचारलं, तुमचा मुख्य कोण? आता साहेबाला तीस माणसांशी बोलायचं नसतं. कुठल्याच साहेबाला नसतं. त्याला एक माणूस लागतो, ज्याला सांगितलं की काम झालं आणि नाही झालं तर ज्याला धरता येतं. पण गावाला हे कुठे माहीत? गावाला वाटलं, जो पुढे होईल त्याला हा धरून नेणार आणि मारणार. म्हातारी मंडळी कुजबुजली आणि त्यांनी आपल्यातला असा माणूस पुढे ढकलला, की ज्याच्याशिवाय गावाचं काही अडत नव्हतं. फासे लावून रानातली जनावरं धरायचा, भांडखोर, कुणी लग्नात बोलवत नसे असा. तो चीफचा आजा.

साहेबाने त्याला मारलं नाही. डोक्यावर टोपी घातली, हातात शिक्क्याचा कागद दिला आणि सांगितलं, आजपासून तू चीफ.

"गाव तोंडात मारल्यासारखं उभं," चीफ म्हणाला. "आणि आता तुझ्याकडे बघ, बिस्किट खाणाऱ्या."

मीही हसलो. मग मी त्याला आमच्या गावची शिडी सांगितली. सगळ्यात वर साहेब, त्याच्याखाली मामलेदार, त्याच्याखाली पाटील, आणि पाटलाच्याही खाली, धुळीत, माझा आजा. गावचा महार. घुंगराची काठी आपटत साहेबाच्या घोड्यापुढे पळायचा, चावडीवर बोलावणं सांगत दारोदार फिरायचा. चीफने थोडा विचार केला आणि म्हणाला, म्हणजे तुझा आजा माझ्या आजाचा नोकर असता. मी म्हणालो, तुझा आजा माझ्या आजाच्या गावात असता तर त्याच्या सावलीलाही उभा राहिला नसता. त्याने मला चहा दिला. चहात साखर जास्त घालतो तो, बायकोला आवडायचं नाही.

तर जाकिटाचं काम असं. वर्षातून दोनदा सगळे प्लॉट बघत फिरायचं. चारात तीन भाग जमीन लागवडीखाली असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. फुलीवाल्याला काउन्सिलचं पत्र जातं, चार आठवड्यांत जमीन साफ करा, नाहीतर प्लॉट दुसऱ्याला. वेटिंग लिस्ट मोठी आहे. फुली माझी, पत्र त्यांचं.

जूनमध्ये पहिली फेरी होती. त्याआधीच लोकांचं वागणं बदललं. मी आलो की शेडपाशी चाललेलं बोलणं थांबायचं. ज्या माणसाने दहा वर्षांत मला हॅलो म्हटलं नव्हतं त्याने रूबार्बची जुडी आणून दिली. लाल आंबट देठ असतात, बायको त्याची डाळ करायची, चिंचेच्या जागी. मी जुडी घेतली. त्याच्या प्लॉटवर कांदे कमी आणि जुन्या खिडक्या जास्त होत्या, पण मला ते सगळं लागवडीसारखं दिसलं. चीफ कुंपणावरून म्हणाला, "इन्स्पेक्टर, आजोबांना कोंबड्या मिळायच्या. तू स्वस्तात गेलास."

फेरीच्या दिवशी मी जाकीट घातलं, चष्मा पुसला. बहुतेक प्लॉट चांगले होते. टोकाला एका जोडप्याचा प्लॉट आहे, त्यांना फेब्रुवारीत बाळ झालं होतं. तिथे गुडघ्याएवढं गवत. ती बाई तिथेच होती, बाळाला पोटाशी बांधून एका हाताने गवत उपटत होती. मला बघून म्हणाली की आम्ही करतोय, हळूहळू होतंय. मी म्हणालो, नियम आहे. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं आणि कसं सहज निघालं. फुली मारली.

मग आमच्या प्लॉटपाशी आलो. निम्मे बटाटे आणि निम्मं रान. मी त्या रानाकडे बघितलंच नाही. बटाट्यांकडे बघत बरोबरची खूण केली, कागद पाकिटात घातला आणि पोस्टात टाकून आलो.

दोन आठवड्यांनी जोडप्याला पत्र आलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी बटाटे काढत होतो आणि तीन बाया आल्या. एक आयरिश, ऐंशीच्या पुढची. एक जमैकाची, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होती. एक पोलंडची, बेकरीत काम करणारी. तिघींनी आपापल्या बादल्या आणल्या होत्या. त्या बादल्या माझ्या प्लॉटवर पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या.  नर्सने फ्लास्क काढला, तीन कपांत चहा ओतला आणि फ्लास्क बंद केला. मला विचारलं नाही. या देशात तुमचं घर जळत असलं तरी कुणीतरी चहा विचारतं. मला तेव्हाच समजलं की प्रकरण साधं नाही.

मी उभा. त्या बसलेल्या. एक ट्रेन गेली, दुसरी गेली. शेवटी नर्सने माझ्यामागच्या गवताकडे हनुवटी केली.

"तिला फुली मारलीस. इथे का नाही?"

मी म्हणालो, ते माझ्या बायकोचं आहे.

"कुणाचं आहे ते आम्हाला माहीत आहे," आयरिश म्हातारी म्हणाली. "माझं ऑपरेशन झालं तेव्हा तिने माझ्या शेंगांना दीड महिना पाणी घातलं. तुला न सांगता. म्हणून गेलं वर्षभर आम्ही या गवताकडे बघून गप्प बसलो. पण आता तू तिच्या आड लपून दुसऱ्या बाईला हाकलतो आहेस."

 पोलंडच्या बाईने नुसती मान हलवली, आणि मला तेच जास्त लागलं. चहा संपवून तिघी उठल्या आणि बादल्या घेऊन गेल्या.

मी चीफकडे वळलो. वाटलं, आता हसणार. तो हसला नाही. माझ्या बटाट्यांच्या कडेला येऊन म्हणाला, बस. मी बसलो. म्हणाला, आजोबांची निम्मीच गोष्ट सांगितली तुला.

उरलेली निम्मी अशी. टोपी घातल्यावर आजाला कामं आली. रस्ता करायचाय, माणसं दे. ओझी न्यायचीत, माणसं दे. आजा माणसं द्यायचा. पत्र्याचं छप्पर घातलं, लोक वाकून बोलायला लागले. पण माणसं कोणत्या घरातून द्यायची ते तोच ठरवायचा, आणि त्याच्या स्वतःच्या घरातून, भावांच्या घरातून एकही माणूस रस्त्यावर गेला नाही. एके दिवशी सकाळी आजा उठला तर घराभोवती बाया. गावातल्या सगळ्या. डोक्याला पाला बांधलेला. जमिनीवर बसल्या होत्या आणि गाणी म्हणत होत्या, त्याच्यावर रचलेली. हलल्या नाहीत. कुणाच्या घरी चूल पेटली नाही. त्यांच्याकडे बायांची ही रीतच होती, पुरुष डोक्यावर बसला की त्याच्या दारात जाऊन बसायचं. तिसऱ्या दिवशी आजाने टोपी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"सगळ्यांच्या पुढे कोण बसलं होतं माहितीये?" चीफ म्हणाला. "माझी आजी. त्याची पहिली बायको. गाणं तीच सांगत होती."

मी विचारलं, मग आजाने तिला काय केलं?

"काय करणार? तीन दिवस उपाशी होता. ती घरात आली आणि तिने चूल पेटवली."

 मग मी त्याला ते सांगितलं जे त्या दिवशी शिडी सांगताना सांगितलं नव्हतं. माझी आजी सांगायची, वेठीला माणसं हवी असली की आजा निरोप घेऊन महारवाड्यातच फिरायचा, दुसऱ्या कुणाला वेठ नव्हतीच. आणि सख्ख्या भावाच्या दारावरून जाताना काठी आपटायचा नाही. घुंगरू मुठीत धरून पुढच्या दारात जायचा. एवढीच त्याची सत्ता, मुठीत मावेल एवढी, आणि ती त्याने अशी वापरली. पुढे आम्ही बौद्ध झालो तेव्हा माझ्या बापाने ती काठी चुलीत घातली. आजा बघत होता. मी लहान होतो. मला वाटलं आजा रडेल, पण तो म्हणाला, जरा उशीरच झाला.

चीफ म्हणाला, त्या काठीसारखं हे जाकीट कसं जळेल? प्लास्टिक आहे, वास मारेल.

सोमवारी मी काउन्सिलच्या बाईला फोन केला. मुलगी म्हणाली, डॅड, मी करते, तुमचं इंग्लिश त्यांना कळणार नाही. मी म्हणालो, मुद्दा कळेल. बाईला सांगितलं की माझा कागद चुकीचा आहे. आमच्या प्लॉटवर फुली हवी. ती म्हणाली, साइट रेपच्या प्लॉटचं आम्ही तेवढं बघत नाही. मी म्हणालो, बघा. ती म्हणाली, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. मी म्हणालो, दुःख माझं आहे, गवत तुमच्या जमिनीवर आहे, फुली मारा. आणि त्या जोडप्याचं काय, विचारलं. म्हणाली, पत्र गेलं ते गेलं, पण चार आठवड्यांत साफ झालं तर काही प्रश्न नाही. मग जाकीट परत घ्या, म्हणालो.

आठवड्याने पत्र आलं. पाकिटावर बायकोचं नाव. कागदावर नाव तिचंच आहे ना, मी कधी बदललं नव्हतं. डिअर मिसेस, तुमचा प्लॉट समाधानकारक स्थितीत नसल्याचं आढळलं आहे. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि हसू आलं. तिच्या जमिनीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. किती वेळ उभा होतो माहीत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळ लागली.

चार आठवडे. नाहीतर तिची जमीन गेली. तिने ज्या मातीत शेवटचा हात घातला ती माती वेटिंग लिस्टवरच्या कुणाची तरी होणार, आणि त्यालाही नावं ठेवता येणार नाहीत, तोही बिचारा वर्षानुवर्षं थांबलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन गेलो. या वेळी चहाला थांबलो नाही. गवत काढलं, मग पहिल्या सरीत फावडं घातलं. चीफ त्याची खुर्ची घेऊन आला आणि बरोबर माझ्यासमोर मांडली. गुडघ्यांमुळे त्याला वाकता येत नाही, पण हुकूम द्यायला गुडघे लागत नाहीत. आणखी खोल. कडेने घाल. कापशील ना गड्डा, आंधळा आहेस का. चार दिवस असं चाललं. माझ्या जागी आजा असता तर म्हणाला असता, साहेब बरा होता.

खाली लसूण होता. दोन वर्षांत एका पाकळीचे आठ-दहा गड्डे झालेले, एकमेकांना चिकटलेले, सुपारीएवढे. मी एक झुपका हातात घेऊन बसलो. चीफला म्हणालो, संपलं. तिचं शेवटचं होतं ते मी उपटलं.

"मूर्ख आहेस," तो म्हणाला. "पाकळ्या मोकळ्या कर, वाळव आणि ऑक्टोबरात लाव. तुझ्या बायकोने वेगळं काय केलं होतं? मागच्या वर्षीचाच तर लावायची ती."

ती दर वर्षी कुठला लसूण लावते हे मला पन्नास वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं. तिच्या शेजाऱ्याला माहीत होतं.

टोकाच्या जोडप्याचंही काम उरकलं. तो खणायचा, ती गवत ओढायची आणि दुपारी दोन तास बाळाची गाडी माझ्या बटाट्यांपाशी असायची. मी त्यांची माफी मागितली. ती बाई म्हणाली, इट्स फाइन. ते फाइन नव्हतं, पण तिने गाडी मात्र रोज आणून ठेवली. लसणाचे थोडे गड्डे त्यांना दिले, थोडे तिघी बायांच्या शेडच्या कडीला पिशवीत बांधून आलो. उरलेला शेडमध्ये टांगला आणि ऑक्टोबरात लावला. त्याच उशीवर गुडघे टेकून. उठताना चीफने हात दिला आणि आम्ही दोघंही पडता पडता राहिलो.

नवी साइट रेप ती जमैकाची नर्स आहे. तिला कुणी ढकललं नाही, तीच म्हणाली, मी होते. जाकीट तिने घातलं नाही. ते वाटाण्यातल्या बुजगावण्याला घातलं, कावळे खरंच कमी झाले.

ऑक्टोबरच्या शेवटी ती फेरीला आली. मी आपोआप उभा राहिलो. हात मागे, पाय जुळवून, जसा माझा आजा चावडीपुढे उभा राहायचा. बटाट्यांची जागा स्वच्छ होती. दुसऱ्या निम्म्यात नुसती काळी माती, वर काही नाही. ती तिथे थांबली. कागदाकडे बघितलं, मातीकडे बघितलं.

"इथे काय आहे?"

मी म्हणालो, लसूण. अजून वर आला नाही.

"तिचा?"

मी मान हलवली.  तिने कागदावर खूण केली, पेन खिशात घातलं, बादली पालथी घातली आणि बसली. मग फ्लास्क काढला. या वेळी तिच्याकडे कप दोन होते.